सेनापतीसमोर सेनापती

कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ताएआन नावाचा भाग आहे. तिथल्या माडो बेटाजवळच्या समुद्राची जुन्या खलाशांना मोठी धास्ती होती. भरती-ओहोटीची ओढ विलक्षण, पाण्याखाली खडक आणि त्यात धुकं. दक्षिणेकडचा सारा आणि धान्य घेऊन राजधानीकडे निघालेली कितीतरी गलबतं या पट्ट्यात बुडाली. 2011 सालच्या पाण्याखालच्या उत्खननात त्यांतलं एक गलबत अभ्यासकांच्या हाती लागलं. 'माडो क्रमांक 3' असं त्याचं नाव पडलं. त्यात सापडलेल्या बांबूच्या आणि लाकडाच्या चिठ्ठ्यांवर माल कुणाला पोचवायचा त्यांची नावं होती. त्या नावांवरून गलबत 1265 ते 1268 या काळात बुडालं असावं, असा हिशोब लागला. मंगोलांच्या स्वाऱ्यांमुळे कोर्यो राजवटीनं आपली राजधानी तेव्हा गांगह्वा बेटावर हलवली होती आणि दक्षिणेतल्या योसूकडून निघालेलं हे गलबत तिकडेच चाललं होतं. पोटात बार्ली, शिंपले, शार्क माशाचं सुकं मांस, खारवलेल्या मासळीची मडकी.

या सगळ्या सामानात 46 काळे, गुळगुळीत गोटे मिळाले. समुद्रकिनारी कुठेही सापडावेत तसे. पण त्यांच्यावर शाईनं अक्षरं लिहिलेली होती: सेनापती, रथ, तोफ, प्यादं. साडेसातशे वर्षं खाऱ्या चिखलात राहूनही ती वाचता येत होती.

हे गोटे म्हणजे जांग्गीचे मोहरे. जांग्गी म्हणजे कोरियाचं बुद्धिबळ. गलबतावरच्या माणसांनी लांबच्या प्रवासात वेळ काढायला ते बरोबर घेतले असावेत, असं अभ्यासक मानतात. मला या शोधातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती मोहऱ्यांचा साधेपणा. हस्तिदंत नाही, कोरीव काम नाही. किनाऱ्यावरचे गोटे वेचले, शाई घेतली, नावं घातली आणि खेळायला बसले. पुढच्या साडेसात शतकांत जांग्गी बऱ्याच अंशी असाच राहिला आहे. जिथे दोन माणसं बसतील तिथे मांडायचा, आणि समोर बसलेल्या माणसाचा विचार नियमांतच करून ठेवलेला.

हा खेळ कोरियात चीनमधून आला. चीनचा शियांगछी हा त्याचा सख्खा भाऊ, दोघांचा पट जवळजवळ सारखा. शियांगछीचा उगम कुठला, यावर अभ्यासकांत एकमत नाही. बरेच जण त्याचं मूळ आपल्या चतुरंगात शोधतात, काहींना तो चीनमध्येच स्वतंत्रपणे घडला असं वाटतं. वाद चालू राहील. पण मराठी वाचकानं जांग्गीचा पट एकदा डोळ्यांखालून घालावाच. हत्ती, घोडे, रथ, पायदळ ही जुन्या सैन्याची चारही अंगं तिथे शेजारी शेजारी उभी आहेत. आपल्या पटावर हत्ती कोपऱ्यात गेला, रथ नाहीसा झाला आणि घोड्याशेजारी उंट आला. कोरियात कोपऱ्यातला रथ अजून रथच आहे आणि त्याच्या आत हत्ती-घोड्याची जोडी आहे. चतुरंग या नावाला जागणारी फौज आपल्या घरच्या पटापेक्षा त्या पटावर जास्त पूर्ण आहे.

पटावर 9 उभ्या आणि 10 आडव्या रेषा असतात. मोहरे चौकोनात ठेवायचे नसतात. रेषा जिथे एकमेकींना छेदतात त्या 90 बिंदूंवर ते उभे राहतात. दोन्ही बाजूंना, मधोमध, तीन बाय तीन बिंदूंचा एक राजवाडा असतो आणि त्यात टोकापासून टोकापर्यंत फुलीसारख्या दोन तिरप्या रेषा काढलेल्या असतात. चिनी पटाच्या मध्यावर नदी आहे. ती ओलांडून जायला चिनी हत्तीला मनाई आहे आणि प्यादंही ती ओलांडल्यावरच आडवं चालू शकतं. कोरियन पटावर नदी नाही. पट एकसंध आहे, त्यामुळे दोन्ही फौजा पहिल्या चालीपासून एकमेकींच्या अंगावर जाऊ शकतात.

मोहरे अष्टकोनी, चपटे, बहुधा लाकडाचे. आता प्लास्टिकचेही मिळतात. त्यांचा आकार हुद्द्याप्रमाणे बदलतो. सेनापती सगळ्यांत मोठा, रथ-तोफ-घोडा-हत्ती मधले, आणि सेनापतीचे रक्षक व प्यादी सगळ्यांत लहान. एका बाजूची अक्षरं लाल, दुसऱ्या बाजूची हिरवी किंवा निळी. लाल मोहऱ्यांवर अक्षर सरळ, छापल्यासारखं असतं, आणि हिरव्यांवर तेच अक्षर धावत्या, वळणदार लिपीत असतं. रंग पुसट झालेला जुना संचही त्यामुळे नुसत्या वळणावरून ओळखता येतो.

दोन्ही सेनापतींवर मात्र हुद्दा लिहिलेला नसतो. तिथे दोन राज्यांची नावं असतात. लाल बाजू हान, हिरवी बाजू चो, म्हणजे चिनी इतिहासातलं छू. इसवी सनापूर्वी 206 ते 202 या काळात छूचा शियांग यू आणि हानचा ल्यू बांग यांच्यात चीनच्या सत्तेसाठी युद्ध झालं. शियांग यू उमराव घराण्यातला, अंगात अफाट ताकद, लढाईत जवळजवळ अजिंक्य. ल्यू बांग शेतकरी कुटुंबातून आलेला साधा अंमलदार, पण माणसं जोडणारा आणि वाट पाहणारा. गायशिया इथे शियांग यूला वेढा पडला. रात्री चहूबाजूंनी शत्रूच्या छावणीतून छूच्या मुलखातली गाणी ऐकू येऊ लागली, तेव्हा आपला मुलूख पडला असं त्याला वाटलं. वेढा फोडून तो नदीपर्यंत पोचला. एक नावाडी त्याला पलीकडे न्यायला तयार होता. पण ज्या तरुणांना घेऊन आपण बाहेर पडलो त्यांच्या वाडवडिलांना काय तोंड दाखवायचं, असं म्हणून तो नावेत चढला नाही आणि त्यानं तिथेच प्राण दिला. ल्यू बांग सम्राट झाला आणि हान घराणं चारशे वर्षं चाललं.

चीनमध्ये या युद्धाची खूण पटावरच्या नदीत आहे. कोरियानं नदी पुसली आणि ती नावं थेट सेनापतींना दिली. शिवाय बसण्याची एक रीतही लावून दिली. दोघांत जो वयानं मोठा किंवा खेळात वरचढ, त्याच्याकडे लाल हान. धाकट्याकडे हिरवी चो आणि पहिली चालही त्याचीच. मोठ्याला जिंकलेल्या सम्राटाचं नाव, धाकट्याला पहिल्या हल्ल्याची संधी.

मांडणीतही हीच रीत दिसते. जांग्गीत घोडा आणि हत्ती यांच्या जागा पक्क्या नसतात. दोन्ही बाजूंना रथ आणि रक्षक यांच्यामधल्या दोन बिंदूंपैकी कुठे घोडा ठेवायचा आणि कुठे हत्ती, हे खेळणारा ठरवतो. म्हणजे प्रत्येकापुढे चार मांडण्या, आणि दोघांच्या मिळून सोळा. आधी हान आपली मांडणी उघड करतो, मग ती पाहून चो आपली लावतो. अनुभवी माणसानं आधी हात दाखवायचा, नवख्यानं पाहून ठरवायचं. एकही चाल होण्याआधी डाव सुरू झालेला असतो. मला हा नियम फार आवडतो. आपल्या बुद्धिबळात आरंभीच्या चालींचे ग्रंथच्या ग्रंथ पाठ करून येणाऱ्यांचं पारडं जड असतं. इथे आज समोर बसलेला गडी हत्ती आत ठेवणार की बाहेर, हे बसल्याशिवाय कळत नाही.

आता चाली. सेनापती राजवाड्याच्या मधल्या बिंदूवर उभा असतो आणि राजवाडा कधीही सोडत नाही. रेषा असेल तिथे एक पाऊल, सरळ किंवा तिरपं. त्याचे दोन रक्षकही तसेच चालतात आणि त्यांनाही राजवाड्याबाहेर पडता येत नाही. रथ म्हणजे आपल्या पटावरचा हत्ती, सरळ रेषेत वाटेल तितका जातो. पण शत्रूच्या राजवाड्यात शिरला की तिथल्या तिरप्या रेषांवरूनही धावतो, आणि कोपऱ्यात निश्चिंत बसलेला सेनापती अचानक उघडा पडतो.

घोडा एक पाऊल सरळ आणि मग एक तिरपं जातो. पोचतो आपल्या घोड्यासारखाच, पण उडी मारत नाही. पहिल्या सरळ पावलावर कुणी उभं असलं की अडला. कोरियन खेळाडू त्या जागेला घोड्याचा गळा म्हणतात, आणि समोरच्याच्या घोड्याचा गळा आवळून ठेवणं ही एक कलाच आहे. हत्तीची चाल मला दुसऱ्या कुठल्या बुद्धिबळात दिसलेली नाही. एक पाऊल सरळ आणि मग त्याच दिशेनं दोन पावलं तिरपी. वाटेतल्या दोन्ही बिंदूंपैकी कुठेही अडथळा असला की तो हलू शकत नाही. भरल्या पटावर त्यामुळे तो अवघडलेला असतो. मोकळं झालं की मात्र लांबून, अनपेक्षित कोनातून येऊन आदळतो. सुरुवातीच्या धुमश्चक्रीत हत्ती देऊन समोरची दोन प्यादी उचलणं हा नेहमीचा सौदा आहे. तो का परवडतो ते गुणांच्या हिशोबात कळेल.

प्यादी पाच. एक पाऊल पुढे किंवा आडवं, आणि हे आडवं पाऊल पहिल्या चालीपासून टाकता येतं. मागे मात्र कधीच नाही. शेवटच्या रेषेवर पोचलेल्या प्याद्याला बढती मिळत नाही, त्याचा वजीर होत नाही. ते तिथे आडवं सरकत राहतं. शत्रूच्या राजवाड्यात तेवढी तिरप्या रेषेवरून पुढे जायची मुभा असते. ऐकायला हे गरीब वाटतं, पण खेळताना या प्याद्यांचा दरारा कळतो. दोन प्यादी शेजारी शेजारी आली की एकमेकांना जोर देतात आणि तटबंदी उभी राहते. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत प्याद्यानं दिलेली मात मानाची समजत. जांग्गीत राजवाड्याच्या तोंडाशी पोचलेलं प्यादं पाहून तो मान आठवतो.

आणि तोफ. जांग्गीचा जीव तोफेत आहे, असं मी म्हणेन. तोफ रथासारखीच सरळ रेषेत जाते, पण मध्ये नेमका एक मोहरा असला तरच. त्याच्यावरून उडी मारून ती पलीकडे उतरते किंवा मारते. चिनी पटावरची तोफ फक्त मारण्यासाठी उडी घेते, एरवी मोकळी फिरते. कोरियन तोफेला साधं हलायलाही आडोसा लागतो. वर दोन बंधनं: तोफ दुसऱ्या तोफेवरून उडी मारू शकत नाही, आणि तोफेला मारूही शकत नाही.

याचा परिणाम असा, की मांडणी पूर्ण होते तेव्हा चारही तोफा जागच्या जागी खिळलेल्या असतात. समोर रिकामी रेषा आणि तिच्या टोकाला शत्रूची तोफ. बाजूला आपलीच दुसरी तोफ. उडी मारायला कुणी नाही. म्हणून डावाची सुरुवात इतरांच्या हालचालीनं होते. टोकाचं प्यादं एक पाऊल आत सरकतं, रथाची वाट मोकळी होते. मग घोडा पुढे येऊन तोफेच्या ओळीत उभा राहतो, आणि त्याच्या पाठीवरून उडी घेत तोफ राजवाड्याच्या दारात, सेनापतीच्या पुढ्यात येऊन बसते. ही पहिल्या काही चालींतली नेहमीची घडण. एकदा तोफा जाग्या झाल्या की पटावरचा प्रत्येक मोहरा, आपला असो की शत्रूचा, कुणाच्या तरी तोफेचा आडोसा होऊ शकतो. तुम्ही बचावासाठी मध्ये आणलेला रक्षकच शत्रूच्या तोफेला पायरी होतो. आणि डाव जसजसा विरळ होत जातो तसतशी तोफ दुबळी पडते, कारण उडी मारायला माणसंच उरत नाहीत. सुरुवातीला मुकी, मध्यात भयंकर, शेवटी पुन्हा मुकी. घोड्याचं उलटं असतं. पट मोकळा झाला की त्याचा गळा सुटतो. हे बदलते भाव ओळखून वेळेवर सौदा करणं, यात चांगल्या खेळाडूची परीक्षा असते.

सेनापतीला शह दिला की 'जांगगुन!' म्हणायचं. शहातून सुटणारा 'मंगगुन!' म्हणतो. या दोन हाका कोरियन बोलण्यात इतक्या मुरल्या आहेत की दोन तोडीस तोड माणसांची किंवा पक्षांची जुगलबंदी चालली की लोक त्यांचाच जोडशब्द वापरतात. एखाद्या गोष्टीतलं महत्त्वाचं सगळं वगळलं तर रथ आणि तोफ काढून टाकली म्हणतात, कारण बलवान खेळाडू नवख्याशी खेळताना आपले मोठे मोहरे आधीच पटावरून उतरवतो.

जांग्गीत आपली पाळी सोडता येते. सेनापतीला शह नसेल आणि हलवण्यासारखं काही नसेल, तर चाल न करता पाळी पुढच्याला देता येते. आपल्या बुद्धिबळात चाल करणं भाग असल्यामुळे भक्कम बचाव स्वतःच्याच हातानं मोडावा लागतो, आणि हलायला जागाच नसली की डाव कोंडून बरोबरीत सुटतो. जांग्गीत या दोन्ही गोष्टी नाहीत. थांबणं ही इथे कायदेशीर चाल आहे.

त्याहून वेगळा नियम दोन सेनापतींच्या समोरासमोर येण्याचा. चिनी पटावर दोन्ही सेनापती एका उभ्या रेषेत, मध्ये कुणीही नसताना, एकमेकांसमोर येऊच शकत नाहीत; तशी चाल करायला बंदी आहे. कोरियात बंदी नाही. त्या स्थितीला 'बिकजांग' म्हणतात. हरत चाललेला खेळाडू आपला सेनापती मुद्दाम त्या रेषेत आणून उभा करू शकतो, किंवा मधला मोहरा बाजूला काढू शकतो. आता निवड समोरच्याची. त्यानं आपला सेनापती हलवला किंवा मध्ये मोहरा आणला तर युद्ध चालू राहतं. तसं केलं नाही तर परंपरेनं डाव तिथेच बरोबरीत सुटतो. म्हणजे तहाचा प्रस्ताव मांडण्याची सोय पटावरच्या चालीत आहे. त्यासाठी खेळाबाहेर येऊन हात पुढे करावा लागत नाही. जिंकत आलेल्यालाही पुढचं पाहून खेळावं लागतं, कारण रेषा उघडी राहिली की मोठी आघाडी एका चालीत हातची जाते. जांग्गी शिकताना मला या नियमाचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटलं. दुबळ्या बाजूला शेवटपर्यंत एक सन्मानाची वाट उघडी ठेवणारा खेळ सहज सापडत नाही.

स्पर्धांना अर्थात बरोबरी नकोशी असते. तिथे मोहऱ्यांचे गुण मोजून निकाल लावतात. रथाचे 13, तोफेचे 7, घोड्याचे 5, हत्तीचे 3, रक्षकाचे 3 आणि प्याद्याचे 2. मघाच्या सौद्याचा हिशोब इथे लागतो: 3 गुणांचा हत्ती देऊन 4 गुणांची दोन प्यादी. सेनापती सोडून एका बाजूच्या सगळ्या मोहऱ्यांची बेरीज 72 होते. पहिली चाल चोची असल्यामुळे हानला भरपाई म्हणून दीड गुण जादा मिळतो. त्या अर्ध्या गुणामुळे बेरजा कधीच सारख्या येत नाहीत आणि निकाल लागतोच. हिशोब चोख आहे. तरी घरी खेळताना मी जुन्या बिकजांगच्या बाजूचा.

कोरियाच्या लिखित इतिहासात जांग्गी मोठ्या माणसांच्या संगतीतही भेटतो. 1592 साली जपाननं कोरियावर स्वारी केली तेव्हा आरमाराचं नेतृत्व करणाऱ्या यी सुन-शिनची रोजनिशी आज उपलब्ध आहे. 'नानजुंग इल्गी' या नावाच्या या दस्तऐवजाला 2013 साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत स्थान मिळालं. हवामान, आईची काळजी, पोटदुखी, शिक्षा, जहाजांची बांधणी यांच्या नोंदींत मधूनच सहकारी सेनाधिकाऱ्यांबरोबर जांग्गी खेळल्याचे उल्लेख येतात. उद्या ज्यांना घेऊन समुद्रावर जायचं, त्यांच्यासमोर आज पट मांडून बसायचं. कुणाचा स्वभाव घाईचा आणि कोण वाट पाहू शकतो, हे त्या बैठकीत सेनानीला उमगत असेलच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ बाहेरच्या जगाला कळला. अमेरिकी अभ्यासक स्ट्युअर्ट क्युलिन यांनी 1895 मध्ये कोरियन खेळांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातलं जांग्गीचं वर्णन कोरियात ब्रिटिश दूतावासाचं काम पाहिलेल्या विल्किन्सन यांनी केलेलं होतं, आणि ग्रंथातली कित्येक चित्रं बुसानजवळच्या गिसान या चित्रकाराच्या हातची होती. बंदरात येणाऱ्या परदेशी लोकांसाठी त्यानं नांगरणीपासून लग्नापर्यंत लोकजीवनाचे असंख्य प्रसंग रंगवले.

तरीही कोरियात प्रतिष्ठेचा खेळ म्हणून जे नाव घेतलं जातं ते बादुकचं, म्हणजे जग ज्याला गो म्हणतं त्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या खेळाचं. 1989 साली चो हुन-ह्यननं पहिल्या इंग चषकात चीनच्या न्ये वेपिंगला 3-2 असं हरवलं, तेव्हा मायदेशी त्याची मिरवणूक निघाली. मार्च 2016 मध्ये सेऊलच्या एका हॉटेलात ली सेदोल 'अल्फागो' या संगणक प्रणालीशी पाच डाव खेळला, तेव्हा साऱ्या जगाचे डोळे तिथे लागले होते. तो 4-1 हरला, पण चौथा डाव त्यानं जिंकला. महाराष्ट्रातली तरुण पिढी ज्या कोरियन मालिका आवडीनं पाहते त्यांतही बादुकच भेटतो. 'रिप्लाय 1988' मधला लाजाळू तेक बादुक खेळतो, 'द ग्लोरी'ची नायिका सूड घेण्यासाठी बादुक शिकते. हांगचोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत बुद्धिबळ होतं, गो होता, शियांगछीही होता. जांग्गी नव्हता.

जांग्गीला व्यावसायिक खेळाडू आहेत, संघटना आहे, दूरचित्रवाणीवर सामने होतात, मोबाईलवर तो जोरात खेळला जातो. उत्तर कोरियात आणि चीनच्या यानब्यान भागातल्या कोरियन लोकांतही तो जिवंत आहे. पण त्याचं खरं घर रस्त्याकडेला, बागेत, बाजारातल्या दुकानाच्या ओट्यावर. तिथे दोघं खेळतात आणि भोवती उभे असलेले सगळे बोलतात. कोरियात या आगाऊ सल्ल्याला 'हुन्सू' म्हणतात. थोबाडीत खाऊनही माणूस हुन्सू द्यायचं सोडत नाही अशी म्हणच आहे, आणि ज्यानं कुणी चौकात पट मांडलेला पाहिला आहे त्याला ती पटेल. फुटपाथवर आणखी एक प्रकार चाले, बाक्बो जांग्गीचा. पटावर चार-पाच मोहऱ्यांचं शेवटाकडचं कोडं मांडून एक जण बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पैज लावायला बोलावी. कोडं सोपं दिसे. खेळणाऱ्याला जिंकणारी चाल सापडली असं वाटे आणि तिथेच त्याचे पैसे जात.

सेऊलच्या मध्यवस्तीतली टापगोल बाग हे या रस्त्यावरच्या जांग्गीचं गेल्या कित्येक वर्षांचं ठिकाण. बागेचं स्वतःचं महत्त्व मोठं. पंधराव्या शतकातला दहा मजली संगमरवरी स्तूप तिथे काचेच्या आवरणात जपलेला आहे. 1 मार्च 1919 रोजी जपानी सत्तेविरुद्धचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच बागेत लोकांसमोर वाचला गेला. अलीकडच्या दशकांत ही बाग ज्येष्ठांची झाली. निवृत्त, बहुतेक पुरुष, कित्येक एकटे राहणारे. ते सकाळी भुयारी रेल्वेनं येत. पासष्टीपुढे त्या रेल्वेला तिकीट लागत नाही. जवळपास मोफत किंवा स्वस्त जेवण मिळे, आणि भिंतीच्या कडेनं पट मांडलेले असत. दिवस निघून जाई.

जुलै 2025 च्या अखेरीस तिथे फलक लागला. बागेत जांग्गी, बादुक यांसारखे खेळ खेळायला आणि दारू प्यायला मनाई. पट आणि खुर्च्या उचलल्या गेल्या. प्रशासनानं दिलेली कारणं खोटी नव्हती. दारू पिऊन भांडणं, उघड्यावर लघवी, आरडाओरडा अशा तक्रारी येत होत्या, आणि जागा राष्ट्रीय स्मारकाची. पण दंगा करणारे मूठभर आणि दिवसभर नुसते पटावर वाकून बसणारे कितीतरी, या दोघांवर एकाच फलकाचा वरवंटा फिरला. डिसेंबर 2024 मध्येच दक्षिण कोरियात पासष्टीपुढच्या नागरिकांचं प्रमाण एकूण लोकसंख्येच्या 20 टक्क्यांवर गेलं होतं. दर पाच माणसांत एक ज्येष्ठ असलेल्या देशात त्यांना बसायला जागा कुठली, हा प्रश्न पटापेक्षा मोठा आहे.

बंद खोलीत टेबलं लावून देणं हा त्यावर पुरेसा उपाय आहे, असं मला वाटत नाही. जांग्गीला हुन्सू लागतं, म्हणजे नाव न नोंदवता येणारी-जाणारी माणसं लागतात. नियमांचं सगळं शहाणपण, मोठ्याला लाल, धाकट्याला पहिली चाल, अडलेल्याला थांबायची मुभा, हरणाऱ्याला तहाची वाट, हे अनोळखी माणसांनी एकत्र बसावं म्हणून आहे. ओळखीच्यांना इतके संकेत लागत नाहीत. दारूबंदी जरूर करावी, शौचालयं वाढवावीत, स्तूपापासून अंतर राखून जागा आखून द्यावी. पट परत यायला हवेत.

आपल्याकडे जांग्गीचा संच दुकानात सहज मिळणार नाही, पण अडायचं कारण नाही. पुठ्ठ्यावर 9 उभ्या आणि 10 आडव्या रेषा आखा, दोन्ही बाजूंना राजवाड्याच्या फुल्या काढा. लाकडाच्या चकत्या, बटणं किंवा नदीतले गोटे, एकूण 32, काहीही चालेल. सोळांवर लाल, सोळांवर हिरव्या शाईनं देवनागरीत नावं लिहा. दोन रक्षक, दोन रथ, दोन तोफा, दोन घोडे, दोन हत्ती, पाच प्यादी आणि एक सेनापती. रथ कोपऱ्यात, रक्षक सेनापतीच्या मागच्या ओळीत त्याच्या दोन्ही अंगांना, तोफा तिसऱ्या रेषेवर कडेपासून दुसऱ्या बिंदूवर, प्यादी चौथ्या रेषेवर एक सोडून एक. घोडे-हत्ती शेवटी, आधी लाल बाजूनं, मग हिरव्या. बिकजांग झाला तर बरोबरी धरायची की गुण मोजायचे, हे सुरू करण्याआधी बोलून घ्या, नाहीतर तिथे हमखास वाद होतो. आजोबा खेळत असतील तर लाल मोहरे त्यांच्याकडे द्या आणि पहिली चाल नातवाला करू द्या.